शेवटच्या ओळीमागचं मैदान

ज्या कोणी माणसानं बायकांसाठी लिंबू-चमचा हा खेळ शोधून काढला, त्याला मला एकदा समोर उभं करायचं आहे. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू, आणि अंगात चांगली रग असलेल्या धडधाकट पोरीनं पाऊल जपून टाकत चालायचं, का, तर लिंबू पडू नये. पळायचं नाही, हसायचं नाही, आणि बोलायची तर सोयच नाही. पलीकडे खुर्च्या टाकून बसलेल्या पुरुषमंडळींनी टाळ्या वाजवायच्या. याला आमच्या भिलाईच्या मराठी मंडळात 'महिलांच्या क्रीडास्पर्धा' म्हणत. गणपतीत एक दुपार त्यासाठी राखून ठेवलेली असे. त्यात माझा एकदा दुसरा नंबर आला आणि मला साबणदाणी मिळाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला पळता येत होतं.

नुसतं पळता येत होतं असं नाही. मी खो-खो खेळत असे, आणि चांगला खेळत असे. हे सांगताना मी लाजणार नाही, कारण तेव्हा पुष्कळ लाजून झालं आहे. आम्ही मूळचे रेल्वेचे. बाबा मालधक्क्यावर क्लार्क होते आणि नागपूरच्या बाजूच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांच्या बदल्या होत. शाळेसाठी मला अमरावतीला मावशीकडे ठेवलं होतं. तिथं मुलींसाठी एक व्यायामशाळा होती. मावशीनं मला तिथं घातलं ते मी घरात भांडी आदळू नयेत म्हणून, आणि मी तिथं खो-खोच्या नादाला लागले ती कायमची.

ज्यांनी हा खेळ नुसता काठावरून पाहिला आहे त्यांना वाटतं, यात काय, बसा-उठा आणि धावा. अहो, आपण दोन्ही खांबांच्या मधल्या रेषेवर उकिडवे बसलेलो असतो. शेजारची एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही, फक्त पावलांचा आवाज येतो. मग पाठीवर हात पडतो, 'खो' ऐकू येतं आणि आपण सुटतो. एकदा ज्या बाजूला निघालं त्या बाजूला, मागे वळायचं नाही. त्या वेळी मी कोणाची मुलगी आहे, माझं लग्न ठरतंय की नाही, रंग उजळ आहे की सावळा, यातलं काही म्हणजे काही डोक्यात नसतं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या दिवसात अशी दुसरी एकही जागा नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगीन.

बाबांना कारखान्याच्या वाहतूक खात्यात नोकरी लागली आणि आम्ही भिलाईला आलो. कारखाना अजून पुरता उभा राहिला नव्हता. एक भट्टी चालू, दुसरीचं काम चालू. क्वार्टरांच्या ओळी वाढत होत्या, सेक्टरला नंबर होते, रस्त्यांना नंबर होते, पण झाडं अजून कमरेएवढीच होती. घरातल्या सगळ्या भांड्यांवर तांबूस धूळ बसे आणि आई ती दिवसातून कितीदा तरी पुसत असे. जो तो 'नवं' या शब्दावर खूश होता. नवा कारखाना, नवं गाव, नवा माणूस. आमच्याकडे चहाला येणारे बाबांचे मित्रसुद्धा असं बोलत की जणू भट्टीतून लोखंडाबरोबर नवी माणसंही ओतून निघणार आहेत. मी आत स्वयंपाकघरात चहा गाळत ते ऐके. माझ्यासाठी या सगळ्या नव्यात काय होतं? टायपिंगचा क्लास. 'लग्न होईपर्यंत' टायपिंग. मी इंटर पास झाले होते, पुढं शिकायचं म्हटलं तर रायपूरला जावं लागणार, ते नको, आणि चांगलं स्थळ येईपर्यंत मुलीनं रिकामं बसू नये, म्हणून टायपिंग. आमच्या घरात मी प्रतीक्षालयात बसलेल्या उतारूसारखी होते. गाडी कुठली, कधीची, हे ठरवणारे दुसरे.

शेवटच्या ओळीच्या मागची ती जागा मला सापडली तेव्हा मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. आजूबाजूला सगळी उकराउकर झालेली होती. पाण्याच्या नळांसाठी चर, मुरमाचे ढीग, खड्डे. त्यात एवढाच एक तुकडा सपाट, टणक, खो-खोला हवा तसा. वर तरोटा माजला होता आणि क्वार्टरं बांधणाऱ्यांनी फुटक्या विटा, घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या आणून टाकल्या होत्या. ते उचलायला लागतील तेवढ्या मुली मी गोळा केल्या. शेजारच्या दोघी बंगाली बहिणी, दवाखान्यातली एक मल्याळी नर्स, एका पंजाबी फोरमनची मुलगी, आमच्यातल्या तीन-चार, आणि अशाच आणखी. पंजाबी मुलीनं मला तिची सलवार दिली. ती घालून मी घरातून निघाले की आई दाराशी येऊन रस्ता दोन्ही बाजूंनी बघत असे. त्या हिवाळ्यात आम्ही संध्याकाळी दगड वेचले, तरोटा उपटला, घमेल्यांनी माती ओढली. माझे हात इतके सोलवटले की टायपिंगच्या क्लासातले मास्तर विचारू लागले, घरात काय धुणी-भांडी करता काय.

शेजारीच क्वार्टरांच्या एका नव्या ओळीचं बांधकाम अजून चालू होतं. तिथं एक रेजा होती. रेजा म्हणजे डोक्यावरून विटा-माती वाहणारी मजूर बाई, पण ही बाई नव्हे, पोरगीच होती, माझ्याहून थोडी लहान. छत्तीसगढी. एका संध्याकाळी काम सुटल्यावर ती सरळ आमच्यात आली आणि दगड वेचू लागली. कोणी बोलावलं नव्हतं, तिनंही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिनं बांधकामावर पडलेल्या दोन जाड लाकडी बल्ल्या मिस्त्रीला विचारून आणल्या आणि आम्ही त्या खांब म्हणून पुरल्या. मग ती खेळायला बसली. आणि हो, आमच्यात ती सगळ्यांत वरचढ होती. बसलेल्या मुलींच्या मधून ती नागमोडी पळायला लागली की मला हसू यायचं, कारण तिला धरायचा प्रयत्न करणंच हास्यास्पद होतं. तिला माझी मराठी येत नव्हती, मला तिची छत्तीसगढी येत नव्हती, हिंदीत भागत होतं. मला ती 'दीदी' म्हणे. मी मनाशी हिशेब केला होता की पुढच्या वर्षी दुर्गला मुलींचे सामने झाले, आणि होणार अशी कुणकुण होती, तर हा संघ न्यायचा. माझ्या आयुष्यात मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट होती.

बाबा मराठी मंडळाचे चिटणीस होते. एका रविवारी जेवताना त्यांनी आमटी वाढून घेत सांगितलं की मंडळाला जागा मिळाली. गणपतीसाठी पक्कं स्टेज बांधायचं, पुढं मांडव, नाटकंही होतील. कुठं, असं आईनं विचारलं. शेवटच्या ओळीच्या मागं, सपाट जागा आहे, फार खर्च नाही, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, तिथं आम्ही खेळतो.

"खेळता ना, मालूम आहे मले," बाबा म्हणाले. "आता मंडळाचं काम होऊन राहिलं. पोट्ट्यांच्या खेळासाठी मंडळानं थांबायचं काय?"

मी विचारलं, दगड कोणी वेचले? ते म्हणाले, बरंच झालं ना वेचले ते, मजुरी वाचली. हे ते विनोदानं म्हणाले. माझे वडील दुष्ट नव्हते, हेच तर दुखणं होतं. त्यांना कोणी म्हटलं असतं की तुम्ही मुलीचं काही हिसकावून घेताय, तर त्यांना अचंबा वाटला असता. मुलीचं असं काही असतं, हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं.

मी आठ दिवस घरात तोबरा चढवून वावरले. मग आईनं मध्ये पडून सांगितलं की पोरीचं म्हणणं एकदा समितीपुढं मांडा तरी. बाबांनी मांडलं. समितीतून ते हसतमुखानं परतले. स्टेज तर होणारच, पण मांडवाच्या पुढं थोडी जागा राहील. महिलांच्या स्पर्धांच्या दिवशी लिंबू-चमचा झाल्यावर मुलींनी अर्धा तास खो-खोचं प्रात्यक्षिक दाखवायला हरकत नाही, असं समितीनं मंजूर केलं होतं. एकच होतं, की खेळणाऱ्या मुली मंडळाच्या सभासदांच्या असाव्यात.

मी म्हटलं, तशा आम्ही चौघी आहोत. एका बाजूला नऊ लागतात.

बाबांनी सुचवलं की दोन-तीन बायकांना बसवा, त्यांना काय बसायचंच तर असतं. बंगाली मुलींचं चाललंही असतं, हळू आवाजात ते म्हणाले, नर्सचंही बघता आलं असतं. पण ती बांधकामावरची पोरगी मंडळाच्या कार्यक्रमात, सगळ्या बायामाणसांसमोर, ते बरं दिसत नाही. कोणी तरी समितीत ते काढलं होतं, आणि त्यावर कोणी काही बोललं नव्हतं.

माझी कानशिलं तापली. ज्या मंडळाच्या व्यासपीठावरून दर वर्षी कोणी ना कोणी 'भिलाई म्हणजे छोटा भारत' असं भाषण ठोकून जात असे, त्या मंडळाला विटा वाहणारी एक पोरगी मांडवात नको होती. तिच्या हातच्या विटांच्या घरात आम्ही राहत होतो आणि त्याच घरात बसून हे ठरत होतं. मी बाबांना म्हटलं, असलं प्रात्यक्षिक मला नको. बाबा म्हणाले, तुले काही चांगलं करून दिलं तर त्याचंही तुले वाईटच वाटते.

दुसऱ्या संध्याकाळी मी मैदानावर सगळ्यांना सांगितलं. समितीत त्या पोरीबद्दल जे काढलं होतं तेवढं गाळून बाकी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता माझा तोल गेला. हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल त्या भाषेत मी बोलत होते. हे मैदान आपलं आहे, दगड आपण वेचले, तरोटा आपण उपटला, यांचा काय संबंध, कालपर्यंत इकडे कोणी फिरकलं नव्हतं. पंजाबी मुलगी मान हलवत होती. बंगाली बहिणींपैकी धाकटी रडायला लागली. ती छत्तीसगढी पोरगी खांबाला टेकून उभी होती. मी बोलायची थांबले तेव्हा ती सहज, कोणाला उलटून बोलतोय असं न वाटता, म्हणाली, "इहां हमर बियारा रिहिस, दीदी. मोर बबा के."

बियारा म्हणजे खळं. तिच्या आजोबांचं खळं होतं तिथं. धान कापून आणायचं, बैल फिरवायचे, मळायचं. शेणानं सारवून सारवून, पिढ्यान् पिढ्या बैलांच्या खुरांखाली ती जमीन तशी टणक झाली होती. घर जरा पलीकडे होतं, आता जिथं नळाची टाकी आहे त्या अंगाला. जमीन कारखान्याला गेल्यावर घरची सगळी रुआबांधा नावाच्या वस्तीच्या बाजूला राहायला गेली. तिला विचारलं, तू इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, आपने पूछा नहीं. तिला राग नव्हता. किंवा असला तरी तो ती मला दाखवणार नव्हती, आणि मला तो दाखवावा असं मी तिची कोण लागत होते?

त्या दिवशी आम्ही खेळलो नाही. मला घरी जावंसं वाटेना आणि तिथं थांबवेना. भट्टी, रस्ते, सेक्टर, आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्याच्या दारातली आईची तुळस, सगळं कोणाच्या तरी अंगणात उभं होतं, आणि चहाच्या कपामागून नव्या माणसाबद्दल बोलणाऱ्या कोणालाही हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कोणाला वाटलं नव्हतं. इतका संताप मला माझ्या स्वतःच्या मैदानासाठीही आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात स्टेजचं भूमिपूजन झालं. सकाळीच, पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेल्यावर. अध्यक्ष म्हणून कारखान्यातले एक मोठे साहेब होते. पूजेला यजमान म्हणून तेच बसणार होते, पण त्यांच्या बाई माहेरी नागपूरला गेल्या होत्या. यावर बराच खल झाला. एकट्यानं कसं बसायचं? मग कोणी म्हणालं चिटणिसांनी सपत्नीक बसावं, त्यावर साहेबांचा चेहरा जरा उतरला. शेवटी भटजींनी तोड काढली की बाईंच्या जागी सुपारी ठेवू, शास्त्रात सोय आहे. सगळ्यांना हायसं वाटलं. पाटावर साहेब बसले आणि त्यांच्या शेजारी, बाईंच्या जागी, विड्याच्या पानावर सुपारी. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. हजर नसलेल्या बाईसाठी एवढी सोय, आणि ज्यांची जमीन होती त्यांच्यापैकी एक जण तिथंच, दहा-पंधरा पावलांवर, विटांच्या चळतीपाशी उभी होती. कारण स्टेजच्या कामावर ठेकेदारानं तिलाच लावलं होतं. आमच्या बल्ल्या सकाळीच उपटून एका बाजूला टाकल्या होत्या.

भटजी मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून मराठीत समजावत होते. कुदळ उचलायच्या आधी ते म्हणाले, आता भूमीची क्षमा मागायची, आपण तिला घाव घालणार आहोत. साहेबांनी हात जोडले.

मी बोलले. घोळक्यातूनच, तिच्याकडे हात करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "क्षमा मागायची तर हिची मागा. हिच्या आजोबांचं खळं होतं इथं."

आईनं माझा दंड धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. ती पोरगी विटांपाशी तशीच उभी, तिला मराठी कळलं नसावं, पण सगळी माणसं आपल्याकडे बघतायत हे कळलं आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

साहेब वळून बघत हसले. चांगलं, मोकळं हसले. "असं? खळं होतं का? वा. म्हणजे लक्ष्मीचीच जागा म्हणायची. आपल्याला कल्पनाच नव्हती. फारच शुभ झालं."

कोणी तरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. नारळ फुटला, कुदळ पडली, भटजींचा आवाज चढला. प्रसाद वाटताना खोबऱ्याचा तुकडा मजुरांनाही दिला गेला, ओंजळीत वरून सोडून, हात लागणार नाही अशा बेतानं. तिनं तो तोंडात टाकला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि विटा उचलल्या.

मी घरी येऊन खिडकीपाशी बसून राहिले. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील. मी त्याची वाटच बघत होते, माझी उत्तरं तयार होती. दुपारी बाबा आले, हात-पाय धुऊन पाटावर बसले. आईनं ताट वाढलं. बाबा खुशीत होते.

"साहेब लई खूश झाले," ते मला म्हणाले. "मले बाजूला घेऊन सांगितलं, चिटणीस, तुमची मुलगी हुशार आहे, जागेची एवढी माहिती काढली तिनं. स्टेजच्या उद्घाटनाले हे खळ्याचं, लक्ष्मीचं, तुलेच बोलायला लावायचं म्हणून राहिले ते."

माझ्या तोंडून निघालेलं एक वाक्य या मंडळींनी एका सकाळीत धुऊन, हळद-कुंकू लावून, मंडळाच्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

"बोलते मी," मी म्हटलं. "पण पहिल्या ओळीत तिच्यासाठी खुर्ची ठेवा. आणि तिच्या आजोबांसाठी."

बाबांनी घास हातातच धरला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, रागाची नव्हे. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.